वहीत दहाव्यांदा आलेली तक्रार : सामाजिक न्यायाच्या कामात उतरणाऱ्या नव्या कोल्हापूरकरांसाठी

कोल्हापुरात कुठल्याही चौकात उभं राहा, वाढदिवसाचा एक तरी फ्लेक्स दिसतोच. त्यावर शुभेच्छुकांच्या रांगेत गॉगल लावलेला एखादा 'सामाजिक कार्यकर्ता' ठरलेला. त्यामुळं 'मला सामाजिक काम करायचंय' असं घरात सांगितलं की आई विचारते, 'म्हंजे निवडणुकीला उभारणार हाईस का?' माझ्या आईनं विचारलं होतं. वीस वर्षं झाली, अधूनमधून अजून विचारते.

दरवर्षी जून-जुलैत चार-पाच मुलं-मुली मला भेटायला येतात. कुणी बीए झालेलं, कुणी इंजिनिअरिंगची नोकरी सोडून आलेलं. सगळ्यांचा प्रश्न एकच, सुरुवात कुठून करू? चहाच्या टपरीवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून हे एकदाचं लिहून ठेवतेय.

आधी एक फरक डोक्यात पक्का करा. 2019 आणि 2021 च्या पुरात कोल्हापूरकरांनी भाकरी-चटणीपासून जनावरांच्या चाऱ्यापर्यंत सगळं पोहोचवलं. ते काम मोठंच होतं, त्याला नावं ठेवणाऱ्यांच्या नादाला लागू नका. पण पाणी ओसरल्यावर पंचनामा होतो आणि भरपाई सातबारावर ज्याचं नाव आहे त्याच्या खात्यात जाते. खंडानं शेत करणाऱ्यानं बियाणं घातलं, खत घातलं, पीक त्याचं कुजलं आणि पैसे दुसऱ्याला मिळाले. इथं भाकरी पोहोचवून भागत नाही. नियम कुठं लिहिलाय, कोण लिहितं आणि तो कुणाच्या सहीनं बदलतो, हे शोधायला लागतं. ही दुसरी वाट ज्यांना धरायची आहे त्यांच्यासाठी पुढचं.

पहिली पायरी : वही

पहिले सहा महिने काहीही बदलायला जाऊ नका. आधीपासून काम करणारी एखादी संघटना किंवा संस्था गाठा आणि एकच समूह धरा. जिल्ह्यात 12 तालुके आहेत आणि प्रत्येकाची दुखणी वेगळी. शिरोळ-हातकणंगल्यात ऊसतोड मजूर, इचलकरंजीत यंत्रमाग कामगार, हुपरीत चांदी कारागीर, आजऱ्याकडं धरणग्रस्त, शाहूवाडी-गगनबावड्यात रस्ता नसलेले धनगरवाडे, शहरात चप्पल कारागीर. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती शिवणाऱ्याच्या हातात एका जोडामागं किती पडतात, हा प्रश्न अजून तसाच आहे. सगळंच करावंसं वाटेल. एकच धरा.

आणि एक वही घ्या. शंभर पानी, साधी. मोबाइलमध्ये लिहू नका, समोरच्याला वाटतं आपलं रेकॉर्डिंग चाललंय. वहीत चार रकाने आखायचे. तारीख, माणसाची खूण (नाव नाही, तुम्हाला कळेल अशी खूण), अडचण त्याच्याच शब्दांत, आणि त्या अडचणीसाठी तो आतापर्यंत कुठं कुठं जाऊन आला. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. नवीन माणसं नेमकी तोच रिकामा ठेवतात.

माझ्या वहीतलीच एक गोष्ट सांगते. तेव्हा मी ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शाळेचं बघत होते. दिवाळी झाली की कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि बीड, धाराशिवकडच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, रस्त्याकडेच्या रानात पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या. पोरं शाळेत येईनात म्हणून मी कोप्यांवर फिरत होते. एक बाई चुलीपुढं बसून म्हणाली, 'ताई, शाळेचं राहू द्या. आमचं रेशन गावाकडं अन् पोट इकडं. त्याचं काय करता?'

मी लिहून घेतलं आणि विसरले. माझा विषय शाळा होता ना! पुढच्या कोपीवर तेच, त्याच्या पुढच्या टोळीवरही तेच. महिन्याभरानं वही चाळली तर तीच तक्रार दहा वेगवेगळ्या माणसांनी दहा वेगळ्या शब्दांत सांगितली होती. दहाव्यांदा आलेली तक्रार त्या दहा माणसांच्या नशिबाची नसते. कुठंतरी एक गाठ बसलेली असते.

मग मी त्या बाईबरोबर गावातल्या रास्त भाव दुकानात गेले. 'एक देश, एक रेशन कार्ड' योजनेत तिचं धान्य तिला देशातल्या कुठल्याही रास्त भाव दुकानात मिळायला हवं, कार्ड कुठल्याही गावचं असो. निम्मं इथं उचललं तर राहिलेलं गावाकडं सासू-सासऱ्यांना उचलता येतं. दुकानदारानं आधी मशीन पुढं केलं. तिनं अंगठा ठेवला. नाही. पदराला पुसून पुन्हा ठेवला. नाही. तिसऱ्यांदाही नाही. तिचा अंगठा मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. पाचटानं आणि कोयत्याच्या मुठीनं रेषाच झिजून गेल्या होत्या, वरून काळपट चिरा. शेवटी बरोबर आलेल्या थोरल्या पोरीचा अंगठा घेतला, तिचंही नाव कार्डावर होतं. मशीननं लगेच घेतला.

तरी दुकानदार म्हणाला, 'धान्य न्हाई.'

मी भांडायच्या तयारीत होते. त्यानं शांतपणे रजिस्टर पुढं केलं. 'मॅडम, मला नियतन, म्हंजे महिन्याचं ठरलेलं धान्य, येतं ते माझ्या कार्डांपुरतं. ह्यास्नी दिलं तर पंचवीस तारखेला माझ्याच गावची माणसं माझी कॉलर धरत्यात. मग तुम्ही येणार काय सोडवायला?'

माझ्या डोक्यात तोपर्यंत दुकानदार खलनायक होता. गाठ त्याच्या दुकानात नव्हतीच, तालुक्याच्या पुरवठा शाखेत होती. हंगामात चार महिने किती माणसं बाहेरून येतात, हे तिथल्या नियतनाच्या हिशेबात कुठंच नव्हतं. मुकादमांच्या याद्या कारखान्याकडं, धान्याचा हिशेब तहसीलकडं, आणि दोघांची गाठ घालून देणारं मध्ये कुणीच नाही. आम्ही काय केलं तर टोळीवार माणसं मोजली, कार्डांचे नंबर लिहून घेतले आणि कुठल्या कोप्या कुठल्या दुकानाजवळ याचा हातानं नकाशा काढून दिला. ते सगळं घेऊन पुरवठा निरीक्षकांकडं गेलो. त्यांनी पहिल्या दिवशी बसायला खुर्चीही दिली नाही. पाचव्या खेपेला यादी ठेवून घेतली. जानेवारी संपता संपता दुकानांना पत्र निघालं आणि वाढीव धान्य आलं. हंगाम तोवर निम्मा सरला होता.

यात भाषण नव्हतं, मोर्चा नव्हता, पेपरात फोटोही नाही. या कामातले बहुतेक दिवस असेच जातात. तुम्हाला हे वाचून कंटाळा आला असेल तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

दुसरी पायरी : एक गाठ सुटली की पुढची बघा

याचा धडा बाहेरून आणायची गरज नाही. दसरा चौकात शाहू महाराजांचा पुतळा आहे, त्याच्या आसपासची बोर्डिंगं बघत एकदा फिरून या. 'महाराजांनी शिक्षण दिलं' एवढं आपण शाळेत पाठ केलेलं असतं. त्यांनी एकामागून एक गाठी कशा सोडवल्या ते बघा. शाळा आहे, पण खेड्यातल्या पोराला शहरात राहायला जागा नाही, म्हणून 1901 पासून एकेका समाजासाठी वसतिगृहं. पोरगं शिकलं, पण नोकरी देणारे हात ठरावीकच, म्हणून 26 जुलै 1902 चा जाहीरनामा, राज्याच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी 50 टक्के जागा. तरीही खालच्या घरातलं पोर शाळेच्या दारापर्यंत येतच नाही, म्हणून 1917 साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा, आणि मूल न पाठवणाऱ्या पालकाला दंड. पुढं वतनं मोडली, कारण गावगाड्यात माणसाला बांधून ठेवणारा दोर तोच होता.

आणि कायद्यानं जे होत नाही त्यासाठी ते गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात गेले. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून मार खाल्लेला हा माणूस. भाऊसिंगजी रोडवर त्यानं काढलेल्या हॉटेलात छत्रपतींनी सगळ्यांसमोर चहा प्यायला. नवीन मुलं मला विचारतात, 'मॅडम, कायदा बदलायचा की लोकांची मनं?' महाराजांनी जाहीरनामाही काढला आणि चहाही प्यायला. मार्च 1920 मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण आंबेडकरांना लोकांपुढं उभं केलं. पुढचा माणूस तयार करणं हाही कामाचाच भाग होता.

तिसरी पायरी : गावात सत्ता कुठं बसते

सरपंच कोण एवढंच विचारून येऊ नका. आपल्याकडं सत्ता ग्रामपंचायतीत कमी आणि सेवा सोसायटी, दूध संस्था, पतसंस्था, कारखान्याचा गट यांत जास्त असते. पुष्कळदा चारी ठिकाणी एकच आडनाव सापडतं. पीककर्ज सोसायटीतून, दुधाचं बिल दर दहा दिवसांनी दूध संस्थेतून, उसाची तोड कारखान्याकडून तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयच्या हातात. अशा गावात एखाद्या घरावर अन्याय झाला आणि शेजारी साक्षीला आला नाही, तर त्याला भेकड म्हणायची घाई करू नका. त्याचा ऊस अजून रानात उभा असतो.

मी प्रत्येक गावाचा एक नकाशा काढते. मधोमध ज्याचा प्रश्न आहे ते घर, भोवती ते घर ज्या ज्या दारात हात पसरतं ती दारं, आणि कुठल्या दाराचा मालक कुठल्या दाराच्या मालकाशी कशानं बांधलेला आहे त्या रेघा. पारावरचा म्हातारा, तालमीतली पोरं, अंगणवाडी ताई, आशाताई यांच्याशी बोललं की हा नकाशा दोन दिवसांत भरतो. आशाताईला गावातलं जे माहीत असतं ते तलाठ्याला सात जन्मात कळणार नाही. मात्र तिला अडचणीत आणू नका. तिनं सांगितलेलं तिचं नाव घेऊन कुठंही बोलायचं नाही.

चौथी पायरी : कागद

नवख्यांना इथं आळस येतो. आणि लढाई बहुतेक वेळा इथंच जिंकली जाते.

अर्ज दिला की पोच. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक पाहिजे. 'साहेब मीटिंगला गेलेत, ठेवून जा' म्हणाले तर आवक-जावकच्या टेबलावर जायचं, तिथं साहेब लागत नाहीत.

माहितीचा अधिकार 2005 पासून आहे. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांत. उत्तराची मुदत 30 दिवस. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर 30 दिवसांत पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडं. त्यानंतर 90 दिवसांत माहिती आयोगाकडं दुसरं अपील. तिथं मात्र वाट बघायची तयारी ठेवा. 'का' असं कधी विचारू नका. 'धान्य का दिलं नाही?' याला उत्तर मिळत नाही. 'अमुक दुकानाच्या डिसेंबर महिन्याच्या नियतन आदेशाची प्रत द्यावी' म्हटलं की कागद हातात येतो, आणि 'का' त्या कागदातच लिहिलेलं असतं. आणखी एक. माहिती अधिकाराचा धाक दाखवून पैसे खाणारी जमात प्रत्येक तालुक्यात आहे. तुमचा पहिला अर्ज गेला की कार्यालय तुम्हालाही त्यातच धरणार. म्हणून आधी तोंडी मागा, मग लेखी मागा, आणि मिळालेल्या कागदाचं काय केलं ते त्या अधिकाऱ्याला जाऊन सांगा.

लोकशाही दिन जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. त्याआधी तालुक्याच्या लोकशाही दिनात अर्ज दिलेला लागतो. नागाळा पार्कातल्या या कार्यालयात त्या दिवशी सकाळीच जाऊन नुसतं बसा. जिल्ह्यात काय चुकतंय ते तीन तासांत समोरून सरकत जातं.

आणि ग्रामसभा. वर्षाला किमान चार. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला कमी आकडा पुरतो. त्याआधी महिलांची सभा घ्यावी लागते, आणि बऱ्याच गावांत ती नुसती रजिस्टरवर होते. ती खरोखर भरवून दाखवा, तुमचं वर्षाचं काम झालं.

ग्रामसभेच्या ठरावानं काय होतं असं विचारणाऱ्यांना मी हेरवाडचं नाव सांगते. शिरोळ तालुक्यातलं गाव. मे 2022 मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृती शताब्दीच्या त्याच दिवसांत, गावानं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेला की बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, हे आमच्या गावात होणार नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून राज्यातल्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. एका गावाचा कागद मंत्रालयापर्यंत गेला. व्यवस्था बदलते म्हणजे काय, त्याचं जवळचं उदाहरण हे. पण पुढचंही बघा. ठरावाला शिक्षेची तरतूद नाही. अंत्यविधीच्या वेळी चार म्हाताऱ्या बायका पुढं सरसावतात तेव्हा ठरावाची प्रत कपाटात असते. तिथं सुनेच्या मनगटावर हात ठेवून 'राहू द्या' म्हणणारी एक बाई उभी लागते. ठरावानंतरचं काम ती बाई तयार करण्याचं.

पाचवी पायरी : शिक्षण

हे चटकन सांगते. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, दोन वर्षांचं. कोल्हापुरात 'सायबर' कॉलेजात करता येतं, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्थेत, मुंबईत आणि तुळजापुरात टाटा समाजविज्ञान संस्थेत. टाटाच्या प्रवेशासाठी सीयूईटी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. कॉलेज कुठलंही असो, क्षेत्रकार्य कुठल्या संस्थेत मिळणार ते आधी विचारा. शिकायचं ते तिथंच शिकता. पदवी होऊन गोंधळलेला असाल तर गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेचा 'निर्माण' उपक्रम बघा, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तरुणांसाठी सुरू केलेला आहे.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर डोकं तापट असेल तर वकिली शिका आणि बोलायची सवय जास्त असेल तर एमएसडब्ल्यू करा. पहिल्याला कायदा वेसण घालतो, दुसऱ्याला ऐकायला शिकवतात. पदवीनंतर एलएलबी तीन वर्षांची, प्रवेश सीईटीनं. काहीही शिकलात तरी तीन कायदे मूळ मजकुरासह वाचून काढा. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989, कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 आणि महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा 2016. आणि टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, शिका. हसू नका. हिशेब न येणाऱ्या कार्यकर्त्याचं तोंड हिशेब येणारा माणूस एका बैठकीत बंद करतो.

सहावी पायरी : पोट

घरच्यांना पहिला प्रश्न पगाराचा पडतो, आणि तो रास्त आहे. माझ्या पाहण्यात इथल्या संस्थांत क्षेत्र कार्यकर्त्याची सुरुवात पंधरा ते वीस हजारांच्या आसपास होते. प्रकल्प संपला की तेही थांबतं. म्हणून सरकारी वाटाही बघून ठेवा. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, अत्याचारग्रस्त बायकांसाठीचं सखी केंद्र, बचत गटांचं काम बघणारं 'उमेद' अभियान, सरकारी दवाखान्यातले समुपदेशक आणि वैद्यकीय समाजसेवक. बरीच पदं कंत्राटी असतात, तरी आत शिरून व्यवस्था आतून कशी हलते ते बघायला मिळतं. आत बसलेला एक समजूतदार कारकून बाहेरच्या दहा कार्यकर्त्यांना भारी पडतो, हे मी अनेकदा पाहिलंय. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा विधी स्वयंसेवक होणं हीसुद्धा चांगली सुरुवात. मानधन थोडं, पण कोर्टाची पायरी चढायची भीती जाते.

स्वतःची संस्था? पहिली तीन-चार वर्षं नाव काढू नका. नोंदणी सोपी वाटते. 1860 च्या कायद्याखाली सात माणसं, 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालय, झालं. पण मग दरवर्षी ऑडिट, विश्वस्त बदलला की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, संस्थेला आणि देणगीदारांना करसवलत मिळावी म्हणून आयकर खात्याकडची नोंदणी, कंपन्यांच्या पैशासाठी सीएसआर-1 हा अर्ज, परदेशी पैशासाठी एफसीआरएची नोंदणी. सात विश्वस्तांत दोघांचं भांडण झालं की चेंज रिपोर्ट अडकतो, मग बँक विचारते सही कुणाची, आणि कार्यकर्ता वस्तीऐवजी धर्मादाय कार्यालयाच्या बाकड्यावर दिसायला लागतो.

कंपन्यांच्या पैशाबद्दल एक इशारा. त्यांना आकडा लागतो. किती मुलांना दप्तरं दिली, किती बायकांना प्रशिक्षण दिलं. 'पुरवठा शाखेच्या हिशेबात ऊसतोड मजूर मोजले जायला लागले' हे त्यांच्या तक्त्यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. दप्तरांचा पैसा घेऊन त्यातून वेळ काढत खरं काम करणारे पुष्कळ आहेत. मीही केलंय. पण दोन वर्षांनी आपण दप्तरंच वाटत बसलोय का, ते वहीत तपासायचं.

सातवी पायरी : विचारा

माझी सगळ्यात मोठी चूक दुसऱ्या वर्षातली. एका बाईला घरातून बाहेर काढलं होतं. तिची गोष्ट ऐकून माझं रक्त उसळलं आणि मी ती एका पत्रकाराला सांगितली. नाव बदलून छापून आलं, पण गावाचं नाव, मुलांची संख्या, नवऱ्याचा धंदा सगळं जसंच्या तसं. दुपारपर्यंत गावाला कळलं. तिच्या भावानं तिला आसरा दिला होता, त्याच्यावर सोयऱ्यांचा दबाव आला आणि आठवड्यात ती पुन्हा त्याच घरात गेली. मी भेटायला गेले तर दार उघडलं नाही. आतून एवढंच म्हणाली, 'मला विचारायचं तरी होतंसा.'

तेव्हापासून मी चार गोष्टी विचारते. हे कुणाला सांगू का? कुणाला सांगू नको? सांगितलं तर तुमचं काय काय जाऊ शकतं? आणि उद्या मन बदललं तर मला कसं कळवाल? शेवटचा प्रश्न विसरू नका. माणसाला माघार घ्यायचीही मुभा पाहिजे. ज्याची लढाई आहे त्यानं माघार घेतली म्हणून चिडणारा कार्यकर्ता मनातून स्वतःचीच लढाई लढत असतो.

धोका आणि घर

हे लपवून ठेवणं बरं नाही. 16 फेब्रुवारी 2015 ला सकाळी फिरून येताना कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर कोल्हापुरात घराजवळ गोळ्या झाडल्या. चार दिवसांनी पानसरे गेले. कोल्हापूर पुरोगामी आहे असं म्हणणाऱ्या आम्हा सगळ्यांना तो दिवस अजून बोचतो. तुमच्या वाट्याला असं येईल असं मी म्हणत नाही. पण धमकीचा फोन, घरासमोर उभी राहणारी गाडी, वडिलांच्या सोसायटीतल्या कर्जाची अचानक निघालेली फाईल, हे येऊ शकतं. म्हणून एकटं काम करू नका. कुठं जाताय ते एका माणसाला रोज माहीत असू द्या. धमकी आली की त्याच दिवशी लेखी तक्रार आणि पोच. आणि घरच्यांना तुमचं काम नीट समजावून सांगा, त्यांना ते पेपरातून कळायला नको.

दमणूक वेगळीच. रोज दुसऱ्याचं दुःख ऐकून माणूस एक तर कोरडा होतो किंवा चिडका. मी रविवारी फोन बंद ठेवते. सुरुवातीला अपराधी वाटायचं. आता रंकाळ्याला चक्कर मारून मिसळ खाते आणि सोमवारी नीट ऐकू शकते.

किती दिवस लागतात

एवढं झालं की मुलं हमखास विचारतात, 'पण मॅडम, निकाल कधी दिसतो?' मी त्यांना भाऊसिंगजी रोडवर घेऊन जाते. सीपीआर या सरकारी दवाखान्यासमोर जुन्या कोर्टाच्या इमारतीत 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. चार दशकांहून जास्त काळ ही मागणी चालली होती. किती वकील या मागणीसाठी उन्हात बसले आणि बेंच न बघताच गेले! तोवर हायकोर्टात अपील करायचं म्हणजे महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रभर मुंबई, तिथं तारीख पडली की पुन्हा रात्रभर परत. गरीब पक्षकार खालच्या कोर्टातच हरून घरी बसायचा. शहरातला टोल बंद करायच्या आंदोलनातही शेकापचे ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील ऐंशी ओलांडलेल्या वयात रस्त्यावर होते आणि टोल एका मोर्चानं गेला नाही. त्यामुळं 'मी बदल घडवणार' असं अर्जात लिहून आणणाऱ्या मुलाला मी ते वाक्य खोडायला सांगते. तारीख आपल्या हातात नसते. आजचा अर्ज असतो.

तर या महिन्यात करायचं ते एवढंच. एक समूह ठरवा. वही घ्या. महिन्याच्या पहिल्या सोमवारी नागाळा पार्क. तुमच्या गावात पुढची ग्रामसभा कधी ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) विचारा. आणि हिवाळ्यात कोप्यांवर जाणार असाल तर बॅटरी न्या, तिथं लाईट नसते. रात्री परतायला वडाप (शेअर जीप) मिळत नाही, तेही आधी बघून ठेवा.

त्या रेशनच्या बाईचा गेल्या हंगामात फोन आला होता. पोरीचं लग्न झालं, आता धाकट्याचा अंगठा चालतो म्हणाली. पण टोळी नव्या गावात उतरलीय आणि इथला दुकानदार म्हणतोय, तुमचं धान्य गावाकडं. मी तहसीलच्या पत्राचा फोटो तिच्या व्हॉट्सॲपवर पाठवला आणि वाचून दाखवू का म्हणून विचारलं.

'मला कुठं वाचता येतंय, ताई,' ती म्हणाली, 'पण त्याला येतंय की.'